पाणी सगळ्यांनीच भरलं

आमच्याकडे गाण्याचा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणायचंच, "गुरूच्या घरी पाणी भरल्याशिवाय विद्या येत नाही." म्हणणारे बहुतेक घरातले पुरुष, जेवणं आटोपून सोप्यात सुपारी कातरत बसलेले. आणि मग आत माजघरातनं आजीचा आवाज यायचा, "पाणी सगळ्यांनीच भरलं बाबा. गाणं किती जणांना आलं ते सांग."

आजी म्हणजे माझ्या आईची आई. मिरजेची. तिचे वडील मिशन हॉस्पिटलात कंपाउंडर होते. डॉ. वानलेस यांनी 1894 मध्ये सुरू केलेलं ते हॉस्पिटल. लांबलांबची माणसं गाठोडी-वळकट्या घेऊन तिथे यायची. आजी म्हणायची, मिरजेच्या स्टेशनावर माणूस दोनच कामांसाठी उतरतो, दुखणं काढायला नाहीतर तंबोरा घ्यायला. आणि एखादा दुखणं घेऊन येतो नि गाणं घेऊन जातो. हे शेवटचं विष्णू दिगंबरांबद्दल. कुरुंदवाडचा मुलगा, शोभेच्या दारूनं डोळे दुखावले, म्हणून त्याला मिरजेत डॉ. भडभड्यांकडे आणला. डोळे पुरते सुधारेनात, तेव्हा डॉक्टरांनीच सुचवलं की याला गाणं शिकवा. मुलगा बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांच्या पुढ्यात जाऊन बसला. 1896 मध्ये विष्णू दिगंबरांनी मिरज सोडली आणि 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. आजीच्या जन्माआधीच्या या गोष्टी, पण ती त्या अशी सांगायची जशी काही विष्णुबुवांची नि तिची गाठ आदल्याच दिवशी आडावर पडली होती. तिच्या सांगण्यात खरं किती आणि वडिलांकडनं ऐकलेलं किती, हे आम्ही कधी वेगळं काढलं नाही.

खुद्द बाळकृष्णबुवांची हकीकत तर ती फार रंगवून सांगायची. मिरजेजवळच्या बेडगचा हा माणूस गाण्यासाठी घर सोडून थेट माळव्यात गेला. धारला देवजीबुवांकडे राहिला, पण गुरुपत्नीला हा परका मुलगा घरात खपेना, तेव्हा तिथून बाहेर पडावं लागलं. पुढे ग्वाल्हेरच्या वासुदेवबुवा जोशांकडे शिकला आणि ग्वाल्हेरचं ख्यालगायन महाराष्ट्रात घेऊन आला. ऐकणारे धारच्या हालअपेष्टांशी आले की हळहळायचे, माना डोलवायचे. आजीची मान डोलायची नाही. "हाल झाले ते वाईटच झालं की," ती म्हणायची. "त्याचं कौतुक कशाला? धारला जे कानात पडलं ते त्यांनी टाकून नाही दिलं, त्याचं कौतुक करा."

तिच्या या हट्टामागे एक घरगुती कारण होतं. तिचा थोरला भाऊ. आम्ही त्यांना दादाआजोबा म्हणायचो.

दादाआजोबांनी खरोखरच पाणी भरलं होतं. गावात ग्वाल्हेर परंपरेतले एक बुवा होते. त्यांचं नाव घरात कुणी घ्यायचं नाही, नुसतं बुवा. पहाटे उठून आडाचं पाणी ओढायचं, हंडे भरायचे, देवाची भांडी घासायची, बुवांचं पानाचं तबक लावून ठेवायचं, आणि मग त्यांच्या मनात असलं तर शिकवणी. काकू, म्हणजे बुवांची बायको, मायाळू होती. थंडीच्या दिवसांत पोरांना कुळथाचं गरम माडगं वाटीतनं द्यायची, वर लसणीची फोडणी. आजीला गाण्याइतकंच ते माडगं आठवायचं. तिच्या हातचं आम्ही खाल्लंय. काकूंसारखं झालं नाही असं ती दर वेळी म्हणायची. आम्हाला काय फरक कळणार? आम्ही वाटी चाटूनपुसून साफ करायचो.

आजी त्या घरात जायची ती भावाला जेवायला बोलवायला. लवकर जायची आणि उंबऱ्यात बसून राहायची. तिथे बसून तिनं बुवांची शिकवायची रीत पाहिली. बुवा अस्ताई म्हणायला लागले आणि समोरच्याचे ओठ हलले, की ते थांबायचे. रागवायचे नाहीत. तोंडातलं पान एका गालातनं दुसऱ्या गालात सरकवायचे आणि म्हणायचे, "तुझं आधी होऊ दे. मग मी म्हणतो."

शिष्याला वाटायचं, आपण तर उत्साहानं सोबत म्हणतोय, पाठ करतोय. पण बुवांचं म्हणणं असं की, आपला आवाज चालू असला की दुसऱ्याचा अर्धाच ऐकू येतो. उरलेला अर्धा आपण आपल्या अंदाजानं भरून काढतो आणि तेच गुरूनं शिकवलं असं जन्मभर सांगत फिरतो. आजीनं हे तिच्या भाषेत सांगितलेलं, बुवांचे नेमके शब्द काय होते कोण जाणे. पण ओठ मिटून ऐकायची ही सवय तिनं आम्हाला लावायचा फार प्रयत्न केला. ती पुरणाचा कट शिजवताना दाखवत असली आणि मधेच कुणी "हो हो, कळलं" म्हटलं, की तिचा डाव तसाच हवेत थांबायचा.

दादाआजोबांची गोची निराळी होती. त्या काळात खाँसाहेब अब्दुल करीम खाँ मिरजेत राहत होते. ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यावर त्यांची नितांत श्रद्धा, उरुसाला ते तिथे गायचे. दादाआजोबांनी लहानपणी ते गाणं ऐकलं आणि ते त्या आवाजाचेच झाले. त्यात गैर काय? तो आवाज ज्यांनी तबकडीवर ऐकलाय त्यांनाही मी काय म्हणते ते कळेल. पण झालं असं की बुवांनी एखादी जागा दाखवली की दादाआजोबा म्हणायचे, "पण खाँसाहेब तिथे असं घेत नाहीत." खाँसाहेबांचं किराणा घराण्याचं गाणं वेगळं, बुवांचं ग्वाल्हेरचं वेगळं, हे त्या वयात कळायचं नाही. आणि कळलं असतं तरी तोलून बघायची खोड सुटली असती असं नाही. बुवा एकदा म्हणाले, "अरे, खाँसाहेब थोरच आहेत. उरुसाला मीही तुझ्याबरोबर येईन ऐकायला. पण आत्ता तुझ्यासमोर मी बसलोय ना?"

हे मला आजीनं नाही, खुद्द दादाआजोबांनी सांगितलं, त्यांच्या म्हातारपणी, मिरजेच्या घराच्या परड्यात चिकूच्या झाडाखाली बाज टाकून बसलेले असताना. त्यांच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता. म्हणाले, "मी पाणी भरताना हंडे मोजायचो. इतके भरले, आता बुवांनी मला काय द्यायला पाहिजे, असा हिशेब. आणि बुवा रोज देत होते. मी ते दुसऱ्याच तागडीत टाकत होतो." काही वर्षांनी त्यांचं शिकणं आपोआप बंद पडलं. कुणी कुणाला घालवलं नाही. बुवांच्या घरी सणासुदीला जाणं-येणं शेवटपर्यंत राहिलं.

आणि म्हणून आजी भीमसेन जोशींची गोष्ट निघाली की तिला जोर चढायचा. लहान वयात घरातून निघून ग्वाल्हेर, जालंधरपर्यंत भटकलेला मुलगा. विनायकराव पटवर्धनांनी त्याला सांगितलं की तुझ्या घराजवळच सवाई गंधर्व आहेत, त्यांच्याकडे जा. मग कुंदगोळला राहणं, पाणी भरणं, घरकाम, आणि सुरुवातीचा बराच काळ शिकवणी नाहीच. इथपर्यंत सगळे सांगतात. आजी पुढचं सांगायची. हुबळीहून गंगूबाई हनगल आगगाडीनं कुंदगोळला शिकायला यायच्या, आणि रात्री त्यांना स्टेशनावर पोचवायला भीमसेन जायचा. आजीच्या मते भीमसेनचं शिक्षण खरं त्या वाटेवर सुरू झालं. आज काय सांगितलं, कसं सांगितलं, हे तो वाटेत विचारून घ्यायचा. "त्याला कुणी शिकवत नव्हतं तेव्हासुद्धा तो शिकत होता," ती म्हणायची. "आमच्या दादाला शिकवत होते तेव्हासुद्धा..." आणि ते वाक्य ती पुरं करायची नाही. भावावर तिचा फार जीव होता.

मला स्वतःला ज्यांची गोष्ट जास्त विचार करायला लावते ते भास्करबुवा बखले. पोरवयात किर्लोस्कर मंडळीत काम करायचे, आवाज फुटला आणि तिथलं सुटलं. मग बडोद्याला फैज महंमद खाँ, पुढे आग्र्याचे नत्थन खाँ. या दोघांकडचं घेऊन भास्करबुवा नावारूपाला आले, मैफली गाजवू लागले, लोक त्यांना देवगंधर्व म्हणू लागले. आणि असं नाव असताना ते अल्लादिया खाँसाहेबांकडे शिष्य म्हणून गेले. पुण्यात 1911 मध्ये भारत गायन समाज स्थापन करणारा हा माणूस. बालगंधर्व आणि मास्टर कृष्णराव ज्यांना गुरू मानत, असा. कोऱ्या पाटीच्या मुलानं पुढ्यात बसणं सोपं आहे, त्याच्याकडे ठेवायला जागाच जागा. पण दोन घराण्यांची विद्या गळ्यात मुरलेली असताना तिसऱ्याच्या पुढे बसून "आपण सांगा" म्हणायचं, याला काय लागत असेल?

केसरबाई केरकरांचंही तसंच. गोव्यातल्या केरीची मुलगी. कोल्हापुरात लहानपणी थोडे महिने अब्दुल करीम खाँसाहेबांकडे, मग रामकृष्णबुवा वझे, मग भास्करबुवा, असं तुटक तुटक शिक्षण झालं. 1921 मध्ये अल्लादिया खाँसाहेबांनी त्यांना शिष्या केलं तेव्हा त्या तिशीच्या घरात होत्या आणि चांगल्या गात होत्या. तिथून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. वर्षानुवर्षं. त्यांचा तापट स्वभाव, मैफलीतला त्यांचा दरारा, यांच्या कितीतरी कथा लोक चवीनं सांगतात. पण तोच करारी माणूस खाँसाहेबांसमोर इतकी वर्षं निमूट बसून घेत होता, हे कुणी तितक्या चवीनं सांगत नाही. 1977 मध्ये व्हॉयेजर यानाबरोबर जी सोनेरी तबकडी अंतराळात गेली, तिच्यावर केसरबाईंची 'जात कहाँ हो' ही भैरवी आहे. आणि मल्लिकार्जुन मन्सूर! आमच्याच मिरजेत नीळकंठबुवा अलूरमठांकडे ग्वाल्हेरचं गाणं शिकले, तबकड्या निघाल्या, नाव झालं, आणि मग मुंबईत अल्लादिया खाँसाहेबांचे चिरंजीव मंजी खाँ यांचे शागीर्द झाले. मंजी खाँ 1937 मध्ये गेले, तर त्यांचे भाऊ भुर्जी खाँ यांच्यापुढे जाऊन बसले. भुर्जी खाँसाहेबांकडे शिकलेल्या कोल्हापूरच्या धोंडूताई कुलकर्णी पुढे केसरबाईंकडे गेल्या, त्याही आधीच मैफली करत होत्या.

मी आजीला एकदा विचारलं होतं, या मोठ्या माणसांनी आधीचं सगळं विसरायचं कसं? ती त्या वेळी देवघरात होती. म्हणाली, "विसरायचं कशाला? तीर्थ घेताना काय करतेस? हातात काही असलं तर खाली ठेवतेस ना? ते कुठं पळून जातंय? पण मूठ वळून पुढे केलीस तर मनगटावरनं ओघळून जाईल." भास्करबुवांच्या गाण्यात तिन्ही गुरूंचं वैभव होतं असं जुने जाणकार सांगत आले आहेत. मागचं काही पळून गेलं नव्हतं.

एक मात्र मला सांगायलाच हवं. या गोष्टींत गुरूच्या छळाचे जे गोडवे गायले जातात, ते माझ्याच्यानं गायले जात नाहीत. विद्या अडवून ठेवणारे गुरू होते, मुलांना उपाशी राबवणारे होते, बायकांच्या असहाय्यतेचा फायदा घेणारेही होते. मन उघडं ठेवणं म्हणजे पाठ वाकवणं नव्हे. आजी उंबऱ्यात बसून जेवढं शिकली तेवढं तिनं कुणाचंही पाणी न भरता घेतलं. दळताना, निवडताना भूपाची अस्ताई अशी काही म्हणायची की मी शेजारी जाऊन बसायचे. तिला कुणी कधी समोर बसवून शिकवलं नाही, ही हळहळ माझी; तिनं ती कधी बोलून दाखवली नाही.

दादाआजोबा पुढे सतारमेकर गल्लीतल्या एका दुकानात हिशेब लिहायला लागले. ही गल्ली म्हणजे मिरजेचं काळीज. शस्त्रं घडवणाऱ्या, त्यांना धार लावणाऱ्या घराण्यांनी, शस्त्रांचं काम उरेना तेव्हा, एकोणिसाव्या शतकात तंबोरे-सतारी बनवायला घेतल्या. फरीदसाहेबांचं नाव त्यात पहिलं. दुकानांच्या आढ्याला पंढरपूर भागातनं आलेले कडू भोपळे वाळत टांगलेले असायचे. दादाआजोबांच्या मालकांना सगळे चाचा म्हणत. एकदा सांधेदुखीनं चाचांचा हात चालेना, तेव्हा त्यांनी वहीवाल्या मास्तरांना हाक मारली आणि जवारीच्या कामात मदतीला बसवलं.

जवारीचं काम मी लहानपणी जवळून पाहिलंय. तंबोऱ्याच्या घोडीवर तारा टेकतात तो भाग सपाट दिसतो, पण त्याला अगदी हलका उतार असतो. तो कानशीनं घासायचा, तार चढवायची, छेडायची, ऐकायचं, तार उतरवायची, पुन्हा एकदोन हात कानस. मग तारेखाली दोरा सरकवायचा. दोरा केसभर इकडे, केसभर तिकडे. तार तोवर बंद, ठसठशीत वाजत असते. दोरा नेमक्या जागी आला की ती एकदम उघडते आणि आवाज भोपळ्यातनं भरून येतो. ती जागा आकड्यांत सांगता येत नाही. चाचा सांगायचेही नाहीत. तार छेडून विचारायचे, "मास्तर, क्या सुना?"

दादाआजोबा म्हणायचे, "षड्ज."

"और?"

पुढचं त्यांना येईना. चाचांना हवा होता गंधार. चांगल्या लागलेल्या तंबोऱ्यात खर्जाच्या तारेतनं गंधार आपोआप उमटतो, कुठलीही तार गंधारात लावलेली नसताना. गाणाऱ्या मंडळींना हे ठाऊक असतं. दादाआजोबांनाही ऐकून ठाऊक होतं. ते तो कान देऊन शोधायचे आणि तो काही सापडायचा नाही. चाचा रोज तार छेडायचे, रोज तेच विचारायचे, आणि उत्तर आलं नाही तर नुसते पुढच्या वाद्याकडे वळायचे. बरेच दिवस हे चाललं. दादाआजोबा मला म्हणाले, "गाण्यात मला वाटायचं, मला कळतं. इथं मला काहीच कळत नव्हतं, आणि चाचांशी तोलायला माझ्याकडे कुणी नव्हतं. म्हणून मी नुसता बसलो. एक दिवस गंधार होता. आधीही असणारच तो." नंतर त्या दुकानात जवारीला त्यांचा कान लागायचा. बुवा तेव्हा हयात होते. त्यांनी आपला जुना तंबोरा जवारीसाठी याच दुकानात पाठवला आणि निरोप दिला की मास्तरांनाच बसवा. हे सांगताना दादाआजोबा जरा थांबले होते.

अब्दुल करीम खाँसाहेब 1937 मध्ये मद्रासकडच्या प्रवासात, सिंगपेरुमलकोईल या आडबाजूच्या स्टेशनावर गेले. त्यांना मिरजेला आणून दर्ग्याच्या आवारात दफन केलं. आजी सांगायची, त्या दिवशी सतारमेकर गल्लीत कुणी कानस हातात धरली नाही. तिचं तेव्हा लग्न झालेलं होतं, ती मिरजेत होती की सासरी, याबद्दल तिचंच मागेपुढे व्हायचं. पण दादाआजोबा दर्ग्यात होते, एवढं नक्की.

आता माझ्या भाचीची मुलगी सांगलीत गाणं शिकते. तिच्या बाई शिकवणी फोनवर रेकॉर्ड करू देतात. घरातले काही जुने लोक यावर नाराज आहेत. मी नाही. विष्णू दिगंबरांनी गाण्याच्या नोटेशनची पुस्तकं छापली तेव्हाही लोक नाराज झालेच होते, आणि तबकड्या नसत्या तर केसरबाई मला कुठून ऐकायला मिळाल्या असत्या? पण किशोरीताई आमोणकर सांगत ते मी तिला सांगितलं. त्यांच्या आई मोगूबाई एखादी ओळ एकदोनदा म्हणत, तिसऱ्यांदा नाही. तेवढ्यात सगळं टिपायचं. आणि याच मोगूबाईंनी लेकीला आग्र्याच्या अन्वर हुसेन खाँसाहेबांकडे, अंजनीबाई मालपेकरांकडे, इतरही गुरूंकडे शिकायला दिलं होतं, स्वतः इतकी मोठी गायिका घरात असताना. कुर्डीहून आलेल्या या बाईंचं मोठेपण मला त्यातही दिसतं.

पोरीनं ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हणजे फोन बंद ठेवू?" मी म्हटलं, फोनचं तुझ्या बाईंना विचार. मला एवढंच सांग, त्या गात असतात तेव्हा तू काय करत असतेस? ती जरा विचार करून म्हणाली, "फोन चालू आहे ना ते बघत असते मधूनमधून." खरं बोलली, मला बरं वाटलं. तिच्या आईचं आणि माझं ठरलंय की तिला इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्यावर फार दिवस ठेवायचं नाही. मिरजेच्या तंबोऱ्याला आता भौगोलिक मानांकनही मिळालंय, गल्लीत अजून कानशी चालतात. आम्ही तंबोरा सांगून ठेवलाय. भोपळा निवडून झालाय, बाकी काम व्हायचंय. जवारी तिच्या आवाजाला लावायची तर तिनं स्वतः येऊन बसायला हवं, असं दुकानातल्या मुलानं सांगितलंय. दिवाळीच्या सुट्टीत तिला घेऊन जायचंय.